परत कोणी नेलं?

आबासाहेब हेडसरांना पुराच्या पाण्यातून पाठीवर बसवून प्रवरा पार करवणारी माणसं एकामागून एक वारत होती, आणि यशोधरा मॅडमची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. माणूस म्हटलं की वारणारच. तक्रार एवढीच होती की त्यांतल्या एकानंही सरांना कधी पाठीवर घेतलेलं नव्हतं.

कोल्हारपासून नदीच्या काठाकाठानं आत गेलं की जी गावं लागतात, तिथं माणूस मेला की दहाव्याला घाटावर मांडव पडतो. सतरंज्या येतात, कर्णे येतात आणि माईक येतो. कावळा पिंडाला शिवायच्या आधी पुढारी माईकला शिवून घेतात. कारखान्याचे, सोसायटीचे, ग्रामपंचायतीचे, आजी, माजी आणि इच्छुक असे सगळे श्रद्धांजली वाहतात. कावळ्यांनाही आता सवय झाली आहे. शेवटचं भाषण संपल्याशिवाय ते बाभळीवरून हलत नाहीत.

या माईकवर आबासाहेब सरांचा शब्द शेवटचा असे. ते गावातल्या माध्यमिक विद्यालयाचे मुख्याध्यापक होते, आवाज भरदार होता आणि डोळ्यांत पाणी वेळेवर येई. ते बोलले नाहीत तर मेलेल्याचा मान राहिला नाही, असं जिवंत माणसं समजत. भाषण असं असायचं:

"मी तेव्हा चौथीत होतो. आमची वस्ती नदीपलीकडं, शाळा अलीकडं. भंडारदरा धरणाचं पाणी सोडलेलं. नदीवरची फरशी, म्हणजे तो बुटका पूल, पाण्याखाली गेलेली. मी दप्तर घेऊन काठावर रडत उभा. तेवढ्यात एक देवमाणूस आला. म्हणाला, आबा, बस माझ्या पाठीवर, शाळा बुडवायची नाही." इथं एक हुंदका. "तो देवमाणूस म्हणजे आपले..." आणि इथं ज्याचा दहावा असेल त्याचं नाव. "ते त्या दिवशी नसते, तर आज हा आबासाहेब तुमच्यासमोर उभा नसता!"

बायका पदर डोळ्यांना लावत. पोरं व्हिडिओ काढत.

गोष्ट खरी होती, हे त्यातलं विशेष. वस्ती खरी, पूर खरा, दप्तरही खरं. पाठ तेवढी दुसऱ्याची होती. ती यशोधराच्या वडिलांची, बन्सीची होती. बन्सी तेव्हा सरांच्या वडिलांकडं सालगडी होता. फरशीवर पाणी आलं की मालकाच्या पोराला पाठीवर घ्यायचं आणि शाळेत पोचवायचं, हे त्याच्या कामातच धरलेलं होतं. एक दिवस नव्हे, दोन पावसाळे. नदीत दुसरं कुणी नसे, काठावर कुणी बघायला नसे. त्यामुळं मालक-मालकीण गेल्यावर ही गोष्ट तिघांनाच ठाऊक उरली होती. एक बन्सी, एक त्याची बायको विमलबाई, आणि एक पाठीवर बसलेला. यशोधरानं ती आईच्या तोंडून ऐकली होती.

तीन वर्षांपूर्वी बन्सी गेला. बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. हेडसर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, पुढं बसले आणि बोलायला उठले. यशोधरा आईशेजारी बसली होती. तिनं आईचा हात धरला. आता नदी येणार.

"बन्सी अत्यंत प्रामाणिक होता," सर म्हणाले. "सांगितलेलं काम केलं. कधी मान वर करून बोलला नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत."

एवढंच. नदी आलीच नाही. फरशी नाही, दप्तर नाही, हुंदकासुद्धा नाही.

पुढच्याच पंधरवड्यात कारखान्याचे माजी संचालक तात्यासाहेब यांचा दहावा निघाला. शाळेच्या सगळ्या स्टाफला घाटावर जावं लागलं. तिथं उन्हात उभं राहून यशोधरानं ती नदी पहिल्यांदा ऐकली. बन्सीच्या जागी तात्यासाहेब कमरेइतक्या पाण्यातून चालले होते. त्या तात्यासाहेबांना हयातीत जीपमधून उतरवायलाच दोन माणसं लागायची.

बापाच्या पाठीवर बसून माणूस शिकला, याचं तिला काही नव्हतं. पण त्याच बापाची पाठ सोलून काढावी आणि गावभर वाटावी, ज्याला-त्याला द्यावी, आणि ज्याची होती त्याच्या वाट्याला मात्र 'मान वर करून बोलला नाही' एवढंच यावं? त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं. हा माणूस एकदा माईकवर म्हणेल. नदीसकट आणि नावासकट. त्याशिवाय सुटका नाही. ना त्याची, ना आपली.

नागीण डूख धरते म्हणतात. पण नागीण निदान फणा तरी काढते. यशोधरा रोज परिपाठाला शिक्षकांच्या रांगेत उभी राहून 'सर, नमस्कार' म्हणत होती.

*

यशोधरा नववीला मराठी शिकवायची. मुलं धडा वाचताना अशी वाचत की जणू कुणी त्यांच्याकडून वसुली करतंय. म्हणून तिनं पॉडकास्ट काढायला लावले. धडा घ्यायचा, त्याच्याशी संबंध असलेलं गावातलं माणूस शोधायचं, त्याला बोलतं करायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, नको ते कापायचं आणि शनिवारी परिपाठाला कर्ण्यावर लावायचं. शाळेत आवाज न घुमणारी खोली एकच होती, ती पोषण आहाराच्या तांदळाची. चारी बाजूंनी पोती. आवाज असा स्वच्छ येई की रेडिओवाल्यांनी हेवा करावा. फक्त खिचडीची फोडणी पडली की रेकॉर्डिंग थांबवावं लागे, कारण शेजारी रतनबाईंची चूल होती, आणि रतनबाई कुणासाठी थांबत नसत.

यशोधराचा नियम एकच होता. प्रत्येक एपिसोडच्या शेवटी एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही. मधमाशा गेल्या तर आपल्या डाळिंबाला फळ कोण धरवणार? आज गावात हापसे आहेत, पण ते नव्हते तेव्हा विहिरीवर बंदी असलेली घरं पाणी कुठून आणायची? कर्ण्यावरून प्रश्न गावभर जाई. सोमवारी मुलं घरून उत्तरं घेऊन येत, आणि उत्तरांवरून घरात भांडणं झालेली असली तर ती पण घेऊन येत. ज्यांनी पोराला शाळेत घातल्यावर पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं, असे बाप फाटकाशी येऊन म्हणू लागले, "मॅडम, त्या मधमाशीचं मला सांगायचंय."

हेडसरांनी आधी मोबाईलवर बंदी घातली. मग संस्थेच्या सचिवांनी एक एपिसोड ऐकला आणि "छान उपक्रम आहे हो, कुणाचा?" असं विचारलं. तेव्हा हेडसरांना आठवलं की तो त्यांचाच होता. त्या दिवसापासून प्रत्येक एपिसोडच्या आधी आणि नंतर मुलांनी म्हणायचं ठरलं: "संकल्पना, संशोधन आणि मार्गदर्शन, मुख्याध्यापक माननीय आबासाहेब सर." जिल्ह्याच्या ठिकाणी एका सभागृहात त्यांना उपक्रमशील म्हणून गौरवण्यात आलं. 'शेवटी प्रश्न विचारण्याची पद्धत मला एका पहाटे सुचली', असं त्यांनी तिथं सांगितलं. फोटोत यशोधराही होती. सरांच्या सत्काराचा नारळ तिच्या हातात होता.

घरी विमलबाईंनी तो फोटो पाहिला. "नारळ तुला दिला का?"

"नाही आई. धरायला दिला होता."

"धर," विमलबाई म्हणाल्या. "तुझ्या बापानं बी धरलंच की."

*

सरांची सेवापूर्ती जवळ आली. त्यांनी यशोधराला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, समारंभात एक खास एपिसोड लावायचा. माझ्या वक्तृत्वावर. माझी गाजलेली भाषणं घ्या. पुतण्यानं सगळी पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवलीत. घाटावरची विशेष करून घ्या, लोकांना ती फार भिडतात."

"मुलांनी करायचा ना सर? नेहमीच्या पद्धतीनं?"

"मुलांनीच. म्हणजे निरागसपणा येतो. आणि पद्धत तीच, शेवटी प्रश्न वगैरे. सचिव साहेब येणार आहेत, त्यांना दिसू द्या आपली पद्धत."

"आणि नाव, सर? संकल्पनेचं?"

"ते तर हवंच. पुढंही हवं, मागंही हवं."

यशोधरानं पेनड्राइव्ह दोन्ही हातांनी घेतला. प्रसाद घेतात तसा.

नववीतले दोघं तिनं या कामाला लावले. सुमैराचा आवाज चांगला होता, आणि एखादी गोष्ट पटली नाही की तिची भुवई वर जायची. चेतनला मोबाईलवर आवाज कापायला-जोडायला इतकं आवडे की जेवायचं भान राहत नसे. यशोधरा त्यांना म्हणाली, "सगळी भाषणं ऐका. कापायची घाई नको. काय सारखं आहे, काय वेगळं आहे, तेवढं बघा. वक्ता असाच समजतो." यापेक्षा एक शब्द जास्त बोलली नाही. तिनं फक्त पाट खोदून दिला. पाणी आपल्या गुणानं वाहणार होतं.

ती स्वतः कोपऱ्यातल्या पोत्यावर वह्या तपासत बसली. एकाच वहीवर बराच वेळ.

"मॅडम," सुमैरा म्हणाली, "हे आमच्या नानांच्या शोकसभेतलं आहे. चौकातलं." तिचे नाना म्हणजे रज्जाकभाई. त्यांचं सायकलचं दुकान होतं. "सर म्हणतात, नानांनी त्यांना नदीतून आणलं."

"हं."

"पण नाना तर राहात्याचे. अम्मी शाळेत जायला लागली तेव्हा ते इथं आले. सर तेव्हा मोठे झाले असतील ना?"

"तू विचार कर," यशोधरा म्हणाली. हातातली वही उलटी धरली आहे हे तिच्या लक्षात आलं नाही.

चेतननं दुसरं लावलं आणि तोंडावर हात ठेवला. "मॅडम! मच्छिंद्रबाबा टेलर! त्यांचा पाय तर लहानपणापासून अधू. मशीनसुद्धा एका पायानं चालवायचे."

तिसरं लागलं. "तो देवमाणूस म्हणजे आपल्या हौसाबाई..."

दारातून रतनबाईंनी हातातल्या पळीसकट डोकं आत घातलं. "कोन, हौसाबाई? तिला तर पायाला नदीचं पानी लागलं तरी चक्कर यायची! कुनाच्या दहाव्याला बी ती घाटावर आली न्हाई."

चेतननं मग एक उद्योग केला. सगळ्या भाषणांतला नदीचा तुकडा कापला आणि एकाखाली एक लावला. तात्यासाहेब, रज्जाकभाई, मच्छिंद्रबाबा, हौसाबाई आणि आणखी तीन. मग सगळे एकदम सोडले. खोलीत सात आबासाहेब एका सुरात म्हणाले, 'आबा, बस माझ्या पाठीवर'. नावाच्या जागी गलका झाला, पुन्हा सगळे एकत्र आले.

"मॅडम, हुंदकापण एकाच जागी येतो," चेतन आदरानं म्हणाला. "याला किती सराव लागत असेल!"

सुमैराची भुवई वर गेलेली होती, ती काही खाली आली नाही. "सर खोटं बोलतात का मॅडम?"

"आपण कुणाला खोटं म्हणत नाही. आपण प्रश्न विचारतो."

सुमैरा पोत्याला टेकून बसली. शेजारी रतनबाईंनी फोडणी घातली, म्हणून तसंही थांबावं लागलं. फोडणीचा आवाज बसला तेव्हा ती म्हणाली, "मग हे विचारू का? हे सगळे सरांना घरून शाळेत आणतात. मग संध्याकाळी घरी परत कोणी नेलं?"

यशोधरानं वही मिटली. तीन वर्षं ती या माणसाला धरायला जागा शोधत होती, आणि ही जागा तिला दिसली नव्हती. उत्तर मात्र तिला ठाऊक होतं. तिनं पोत्याच्या शिवणीतून निघालेली सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"हाच प्रश्न ठेवा," ती म्हणाली. "काहीच बदलू नका."

*

सरांना ऐकवल्याशिवाय एपिसोड लावायचा नाही, असा सरांचाच नियम होता. यशोधरानं क्लार्कच्या टेबलाजवळ, क्लार्कच्या देखत मोबाईल पुढं ठेवला. सर डोळे मिटून ऐकू लागले. 'संकल्पना, संशोधन आणि मार्गदर्शन'ला त्यांनी मान हलवली. मग व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं सुरू झाली तसे ते सावध झाले.

"थांबवा. माजी सभापती आधी आणि सरपंच नंतर? डोकं ठिकाणावर आहे का पोरांचं? आणि सचिव साहेबांना नुसतं 'माननीय' म्हणून चालायचं नाही, 'शिक्षणप्रेमी' घाला."

"घालते सर. पुढचं ऐकताय ना?"

"पुढं काय आहे?"

"तुमचीच भाषणं. आणि शेवटी मुलांचा प्रश्न."

"मग माझं मलाच काय ऐकवता? मला ते पाठ आहे."

"पूर्ण ऐकलंत तर बरं होईल सर," यशोधरा मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. क्लार्कनं मान वर करून पाहिलं.

"मॅडम, नावांचा क्रम बरोबर असला की कार्यक्रम बरोबर असतो. तीस वर्षं शाळा अशीच चालवली मी."

क्रम बरोबर करण्यात आला. 'शिक्षणप्रेमी' घालण्यात आलं. बाकी कशालाही हात लागला नाही.

*

समारंभाला मांडव नेहमीचाच होता, घाटावर पडणारा. मांडववाला एकच असल्यामुळं पर्याय नव्हता. सरांना फेटा बांधला, शाल घातली. समोर सगळं गाव बसलं होतं, कारण सरांनी ज्यांच्या-ज्यांच्या घरच्यांना श्रद्धांजली वाहिली होती त्या सगळ्यांना त्यांनी स्वतः जाऊन निमंत्रण दिलं होतं. 'तुमच्या वडिलांचा उल्लेख आहे', असं सांगून.

यशोधरा मंचाच्या कडेला, वायरींच्या बोर्डापाशी उभी होती. चेतन खाली बसून समारंभ रेकॉर्ड करत होता.

एपिसोड सुरू झाला. नावं झाली, क्रमानं. मग सुमैराचा स्वच्छ, तांदळाच्या खोलीतला आवाज आला: "आमच्या सरांच्या भाषणांतली सर्वांत आवडती आठवण पुराची आहे. आपण ती ऐकू या." तात्यासाहेबांची नदी आली. तात्यासाहेबांच्या सुनेनं डोळ्यांना पदर लावला. सरांनी मंचावर मान खाली घातली, नम्रपणानं.

"ही आठवण सरांनी रज्जाकभाईंच्या शोकसभेतही सांगितली." नदी पुन्हा आली.

"आणि मच्छिंद्रबाबांच्या दहाव्याला." नदी तिसऱ्यांदा आली. मांडवात कुणीतरी खाकरलं.

"आणि हौसाबाईंच्या." तोवर मागच्या रांगेत हालचाल सुरू झाली होती. मग चेतननं एकत्र केलेला तुकडा आला. सात आबासाहेब एका सुरात रडकुंडीला आले, एका जागी हुंदके दिले, आणि सातही जण एकदम म्हणाले की ते त्या दिवशी नसते, तर आज हा आबासाहेब तुमच्यासमोर उभा नसता.

आबासाहेब खरोखरच उभे नव्हते. खुर्चीत बसल्या जागी ते फेट्याचा शेमला चाचपत होते.

"यावरून आम्हांला कळलं," सुमैरा सांगत होती, "की एकाच सकाळी सात जणांनी सरांना शाळेत आणलं. आता आमच्या पद्धतीप्रमाणे प्रश्न. याचं उत्तर पुस्तकात नाही. सरांना घरी परत कोणी नेलं?"

कर्ण्यातून आवाज गावभर गेला आणि गावाच्या पलीकडच्या टाकीवर आपटून परत आला. *कोणी नेलं?*

सगळ्यांत आधी मच्छिंद्रबाबांचा मुलगा गोरक्षनाथ उठला. "सर, माझा बाप काठीबिगर मोरीपर्यंत जाईना, अन् तुमाला पाठीवर घिऊन नदीत कसा उतरला?"

"पवत आला आसंल!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मांडव फुटला.

सचिव पुढं वाकले. "हे कोणी केलंय? कुणाचं डोकं आहे हे?"

त्याचं उत्तर यशोधराला द्यावं लागलं नाही. कर्णा अजून चालू होता. "संकल्पना, संशोधन आणि मार्गदर्शन, मुख्याध्यापक माननीय आबासाहेब सर."

आता हसायला बायकाही सामील झाल्या. ज्या सुनेनं मघाशी पदर डोळ्यांना लावला होता, तिनं तो तोंडात कोंबला होता.

सर उठले. काही झालं तरी ते वक्ते होते. माईक हातात आला की पाय स्थिर होतात, हा त्यांचा अनुभव. "बंधूंनो," ते म्हणाले, "तपशील महत्त्वाचा नसतो. भावना महत्त्वाची असते..."

"भावना र्‍हाऊ द्या की!" हौसाबाईंची थोरली लेक कडाडली. "माझी आई आजन्म पान्याला भ्यायली, अन् तुमी तिला नदीत उतरवली! त्या दिशी नदीत कोन हुतं ते सांगा!"

"व्हय, सांगा!" मांडवभर झालं. "सांगा सर!"

सरांनी मान वळवली तेव्हा नजर सरळ वायरींच्या बोर्डाकडं गेली. यशोधरा तिथं हाताची घडी घालून उभी होती. तिनं काही खूण केली नाही. ती नुसती बघत होती, आणि तिचा चेहरा तिच्या बापावर गेलेला होता, हे सरांना नोकरीच्या शेवटच्या दिवशी दिसलं.

शब्द शोधावा लागतोय, असं त्यांच्या बाबतीत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"बन्सी," ते म्हणाले. "बन्सीनं आणलं. नदीतून. मला... बन्सी आणायचा."

हुंदका आला नाही. आवाज भरदार नव्हता, एखाद्या पोराचा असावा तसा होता. ते वाक्य सरांनी माईकवर म्हटलेलं पहिलं खरं वाक्य असावं.

मग गोरक्षनाथनं दोन्ही हात जोडले. "घ्या! आनखी एक!"

आणि जे हसू उसळलं, त्यापुढं आधीचं काहीच नव्हतं. माणसं एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत होती. "खरं सांगतोय!" सर ओरडले. लोक अजूनच हसले. "शपथ घेऊन सांगतो, बन्सीच होता!" सरपंचांनी चष्मा काढून डोळे पुसले. बुद्धविहाराकडची चारदोन माणसं मागं उभी होती, तीसुद्धा हसत होती. 'घाटावरच्या पुड्यांत आता आमच्या बन्सीबाबालाही घेतलं का', असं म्हणत.

यशोधराचे हात घडीतून सुटले. तिनं तीन वर्षं सगळ्याचा हिशेब केला होता, याचा केला नव्हता. पुढं होऊन माईक घ्यावा आणि सांगावं, थांबा, हे खरं आहे, असं तिला वाटलं. पण सांगणार कुणाला? या माणसाच्या तोंडचं कुणी खरं मानू नये, याची सोय तिनंच तर इतकी नीट केली होती.

तिनं काही केलं नाही. सर फेटा सांभाळत मागच्या बाजूनं उतरले. नारळ मंचावरच राहिला.

*

पुढच्या दहाव्याला सर घाटावर गेले, हे मानलं पाहिजे. त्यांनी माईक हातात घेतला, 'मी तेव्हा...' एवढंच म्हणाले आणि बाभळीखालून एका पोरानं विचारलं, "सर, परत कोणी नेलं?" सर खाली बसले. त्या दिवशी कावळा लवकर शिवला. आता त्यांना कुणी बोलावत नाही. मोटारसायकलवरून बाजाराला निघाले तरी चौकातली पोरं तोच प्रश्न विचारतात. ते तोंड फिरवून जातात. सचिवांनी चौकशी लावली होती. क्लार्कनं लेखी दिलं की मॅडमनी पूर्ण ऐका म्हणून सांगितलं होतं. बाकी कागदोपत्री सगळ्याला जबाबदार मुख्याध्यापकच निघाले.

समारंभाचं रेकॉर्डिंग चेतननं दुसऱ्याच दिवशी आणून दिलं होतं. "मॅडम, हसू काढायला गेलो तर सरांचा आवाजपण जातो. दोन्ही चिकटलंय. काय करू?"

"तसंच दे," यशोधरा म्हणाली.

संध्याकाळी तिनं ते आईला ऐकवलं. विमलबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. 'बन्सी आणायचा' आलं तशा त्यांच्या बोटांनी सोलायचं थांबवलं. मग हसण्याचा लोट आला, तो पूर्ण होईपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

"लोक हसले गं आई," यशोधरा म्हणाली. "कुणालाच खरं वाटलं नाही. एवढं करून शेवटी..."

"म्हनाला ना पन?"

"म्हणाला."

"मायकात?"

"माईकवर."

"मंग?" विमलबाईंनी पुन्हा एक पाकळी उचलली. "तुझ्या बापानं काय लोकांसाठी नेलं हुतं का त्याला? लोकांला नसंल खरं वाटलं. त्या मेल्याला तर वाटलं. आता जलमभर खरं बोलंल अन् लोकं हसतील. चांगलं झालं."

यशोधरानं एक पाकळी उचलली आणि सोलायला घेतली.

"तात्यासाहेबांनी, हौसाबाईंनी," विमलबाई सरांची नक्कल करत म्हणाल्या. "अन् तुझा बाप नुस्ता 'बन्सीनं'. ल्हानपनी बी तसंच. काठावरून हाक मारायचं, ए बन्सी, चल. बारकं पोर, अन् हा बाप्या."

"परत पण बाबाच न्यायचे ना?"

"तर काय! आनायचा बी तोच, न्यायचा बी तोच. वरून मालकीनबाई भाकर हातात टाकायची, लांबून." त्यांनी सालं गोळा केली. "मी म्हनलं हुतं तवाच. लई जड झालंय ते पोरगं, एक दिस मदी सोड अन् ये निघून. तर म्हनतो कसा, पोराचा काय दोष?"

"आणि आता?"

विमलबाईंनी ओट्याखाली सालं टाकली, पदराला हात पुसले आणि मोबाईल यशोधराकडं सरकवला.

"आता ते पोरगं न्हाई. आता दोष हाय," त्या म्हणाल्या. "लाव पुन्हा. हसन्यापासून."